मैफल संपल्यावर

आवडत्या गायकाची मैफल ऐकून झाली की ऐकणाऱ्याच्या मनात एक इच्छा हमखास जागी होते. या माणसाला भेटावे, त्याचा हात हातात घ्यावा, दोन शब्द बोलावेत. ही इच्छा येते कुठून? कानांना जे मिळाले ते पुरेसे का वाटत नाही? आणि भेटलोच, तर त्या माणसाचे आपण नेमके काय देणे लागतो? प्रश्न साधा दिसतो, पण आपल्या समाजात तो साधा राहिलेला नाही. गाणे ऐकणे आणि गाणाऱ्याला आपले म्हणणे, या दोन गोष्टींच्या मध्ये आपण एक भिंत घातली आहे आणि तिच्याकडे पाहायचे टाळतो आहोत.

आमच्या जिल्ह्याला गाण्याचे वावडे कधीच नव्हते. शिर्डीत 1897 साली रामनवमीच्या दिवशी उरूस भरू लागला. तरुणपणी साईबाबा तकियात फकिरांच्या संगतीत पायांत घुंगरू बांधून नाचत आणि गात, असे साईसच्चरितातच नोंदले आहे. गावोगावच्या दर्ग्यांच्या उरुसात कव्वाली नसेल तर लोकांना उरूस झाल्यासारखा वाटत नाही. मांडवात पहिल्या रांगेत मुजावर आणि पाटील शेजारी-शेजारी बसतात, आणि दाद देताना कोण कोणत्या आळीचा हे कोणी विचारत नाही.

आम्ही मित्र या कव्वालीचे जुने शौकीन. संदलची मिरवणूक दर्ग्यात पोहोचते, गलेफ चढतो, फातिहा होते आणि रात्री दहा-अकराच्या सुमारास मांडव भरू लागतो. मुख्य कव्वाल, पेटीवाला, ढोलकवाला, बेंजोवाला आणि मागे टाळ्यांचा ठेका धरणारे हमनवा. आधी हम्द, मग नात, मग मनकबत आणि त्यानंतर गझल. रात्र चढत जाते तसा रंग चढतो. नोटा उडू लागतात. पहाटेच्या अजानपूर्वी मैफल आवरते आणि लोक डोळे चोळत घरी जातात.

आम्ही मात्र बऱ्याचदा मांडवाच्या मागे जात असू. तिथे पार्टीचा टेम्पो उभा असे. एकदा असेच गेलो, तेव्हा मघाशी ज्याच्या थापेवर सारा मांडव डोलत होता तो ढोलकवाला फळीवर बसून बोटांवरची चिकटपट्टी सोडवत होता. आमच्यातल्या एकाने विचारले, ‘चाचा, हाथ नहीं दुखते?’ तो हसून म्हणाला, ‘दुखते ना बेटा. लेकिन बजाते वक्त नहीं, बजाने के बाद दुखते.’ आणि मग जरा संकोचून, ‘पीने का पानी मिलेगा क्या?’ श्रोत्यांसाठी मांडवात सरबताची पिंपे भरून ठेवली होती. या माणसांना रात्रभर वाहवा मिळाली होती, पाणी मात्र मागून घ्यावे लागत होते. आमच्यातला एक जण हंडा घेऊन नळावर गेला. नंतर आम्ही त्यांच्याशी गाण्याबद्दल फारसे बोललो नाही. मुले किती, पुढची सुपारी कुठली, पावसाळ्यात कसे भागते, असेच बोलणे झाले.

त्या बोलण्यातून आम्हाला जे कळले, ते आपल्या परंपरेत फार पूर्वी सांगून ठेवलेले आहे. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात समाअचा, म्हणजे भक्तीने ऐकल्या जाणाऱ्या गाण्याचा, सविस्तर विचार केला आहे. तिथे हजरत जुनैद बगदादींच्या नावावर एक अट येते. समाअला तीन गोष्टी लागतात: जमान, मकान आणि इख्वान. योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. वेळ आणि जागा यांवर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. सोबती म्हणजे ऐकायला बसलेली माणसे, एवढाच अर्थ आपण धरतो. आमचे म्हणणे असे की इख्वानमध्ये गाणाराही मोजला पाहिजे. ज्याच्या तोंडून शब्द येतो तोच जर सोबती नसेल, तर ती मैफल कसली? तो मग भाड्याने आणलेला आवाज झाला.

चिश्ती खानकाहांमध्ये हा विचार रीतीत उतरलेला दिसतो. कलाम मनाला भिडला की श्रोता उठतो, नजराणा दोन्ही हातांनी मैफलीच्या प्रमुखासमोर ठेवतो आणि तिथून तो कव्वालाकडे जातो. पैसा तोच, पण तो देताना माणूस वाकतो. उरुसाच्या मांडवात नोट डोक्यावरून उधळली जाते, तेव्हा वाकावे लागते ते गाणाऱ्याच्या पोराला, ती वेचण्यासाठी. तमाशात याला दौलतजादा म्हणतात. देण्याच्या या दोन पद्धतींत रकमेचा फरक नाही. समोरचा आपल्या बरोबरीचा आहे की नाही, याचा फरक आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या संगमनेरची एक गोष्ट या प्रश्नाच्या मुळाशी जाते. शाहीर अनंत फंदी (1744–1819) तिथले. मूळ आडनाव घोलप. संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता; त्याच्याशी अनंताची इतकी मैत्री की लोक त्यालाही फंदी म्हणू लागले. ब्राह्मणाच्या मुलाने फकिराचे नाव मिरवले आणि मराठी शाहिरीच्या इतिहासात तो त्याच नावाने राहिला. आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्याला काय देऊ शकतो, याचे याहून चांगले उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

पण याच शाहिराची दुसरी भेटही प्रसिद्ध आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याला सांगितले की ब्राह्मणाने आपली बुद्धी तमाशात खर्च करणे बरे नव्हे. ते त्याच्या मनाला लागले आणि तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. 2024 साली जिल्ह्याला त्यांचेच नाव देण्यात आले. या आख्यायिकेत त्यांचा हेतू वाईट नव्हता. नोटा उधळणाऱ्यांना फक्त गाणे दिसत होते, त्यांना माणूस दिसला. त्याचे भले व्हावे असे त्यांना वाटले, आणि कीर्तनकार म्हणूनही त्याला मान मिळाला. तरीही एक प्रश्न उरतो. शाहीर एकटा नसतो. त्याच्या मागे डफवाला असतो, तुणतुण्यावाला असतो, झील धरणारे असतात. मुख्य माणूस सन्मानाच्या वाटेने गेला, तेव्हा या बाकीच्यांनी कोणती वाट धरली? आख्यायिका त्याआधीच थांबते. उपदेश नेहमी एकाला उद्देशून असतो आणि त्याची किंमत पुष्कळदा मागे बसलेले मोजतात.

हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आज आपल्यातही उपदेश करणारे पुष्कळ आहेत. वाद्यांसह गाणे हराम आहे असे मानणारे उलेमा पूर्वीही होते, आजही आहेत. हा वाद नवा नाही. खुद्द हजरत निजामुद्दीन औलियांना समाअच्या प्रश्नावर सुलतान गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात जाब द्यावा लागला होता. जे प्रामाणिकपणे तसे मानतात आणि मैफलीला जात नाहीत, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. त्यांचे वागणे त्यांच्या मताला धरून आहे. आमचा प्रश्न आहे तो रात्रभर ऐकून सकाळी नाक मुरडणाऱ्यांना. रात्री ज्याच्या नातेवर डोळे भरून आले, त्याच्या मुलीचे स्थळ आले तर ‘गाणे-बजावण्याचे घर आहे’ म्हणून नकार. लग्नाला बँड पाहिजे, पण बँडवाल्याला पंगतीत शेवटी बसवायचे. गाणे जर पाप असेल, तर ऐकणारा त्यात अर्धा भागीदार आहे. आणि पुण्य असेल, तर गाणाऱ्याचा वाटा मोठा आहे. दोन्ही हिशेबांत त्याच्याकडे वरून पाहण्याचा हक्क ऐकणाऱ्याला कुठून मिळतो?

2020 आणि 2021 ही दोन वर्षे आठवून पाहा. ऐन हंगामात जत्रा बंद, उरूस बंद, लग्ने दारे लावून उरकलेली. ज्यांचे वर्षाचे पोट चैत्र-वैशाखावर चालते, त्यांचे दोन हंगाम कोरडे गेले. तमाशासम्राज्ञी कांताबाई सातारकर 25 मे 2021 रोजी संगमनेरातच कोरोनाने गेल्या. वृत्तपत्रांतून श्रद्धांजल्या आल्या, त्या यायलाच हव्या होत्या. पण त्या दोन वर्षांत आपल्या आवडत्या कव्वालाला, ढोलकवाल्याला, बँडवाल्याला फोन करून ‘घरात पीठ आहे का’ असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? फोन करायला नंबर लागतो, आणि नंबर घ्यायला मैफलीनंतर मांडवामागे जावे लागते.

आता मांडवामागे जाणारे वाढले आहेत, हे खरे. हातात मोबाइल असतो. गळ्यात हात टाकून फोटो निघतो आणि गाणाऱ्याचे नाव विचारायच्या आत भेट संपते. फोटो काढण्यात काही वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र भेट म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना ओळखणे. ओळख एकाच बाजूची राहिली, तर ती उधळलेल्या नोटेचीच दुसरी तऱ्हा झाली.

मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. 1937 साली दक्षिणेच्या दौऱ्यात एका रेल्वे स्टेशनवर त्यांनी प्राण सोडला; माती मिळाली ती या दर्ग्याच्या अंगणात. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. मोठमोठे कलावंत येतात आणि हजेरी लावल्याच्या भावनेने गातात. गाणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच उंबरठ्यावर आलेले पाहुणे. दिल्लीत अमीर खुसरो आपल्या पीरांच्या कबरीपासून काही पावलांवर निजले आहेत. आपल्या बुजुर्गांनी गाणाऱ्याला अंगणात जागा दिली, तीही कायमची.

आपल्याकडून एवढे मोठे काही मागितलेले नाही. पुढच्या उरुसात पार्टी ठरवताना सुपारीच्या रकमेबरोबर त्यांचे जेवण, पाणी, झोपायची जागा हेही ठरवावे. नजराणा हातात द्यावा. मुख्य कव्वालाबरोबर मागे टाळ्या देणाऱ्याचेही नाव विचारावे आणि पुढच्या वर्षी त्याला त्या नावाने हाक मारावी.