मापाचे आणि मोलाचे

दिवाळी आली की घराघरांत आनंदाच्या पाठोपाठ हिशेबही येतो. कोणाला काय घ्यायचे? थोरामोठ्यांचे भागते, एखादे लुगडे, एखादा सदरा, फार तर एखादे पुस्तक दिले की ती मंडळी संतुष्ट असतात. खरी पंचाईत मुलांची. घरातल्या कोणाला तरी नुकताच कसला तरी नाद लागलेला असतो. कोणी तबल्यावर बसू लागलेला असतो, कोणी रंगांशी खेळू लागलेली असते, कोणाला क्रिकेटने झपाटलेले असते. मग घरात दोन पक्ष पडतात. ‘द्यायची तर उत्तमच वस्तू द्यावी’ असे एक पक्ष म्हणतो. ‘आधी शिकू तर दे, मग पाहू’ असे दुसरा म्हणतो. पहिल्या पक्षात बहुधा आईबाप असतात आणि दुसऱ्यात आजोबा. आजोबांचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि वस्तू मात्र उत्तमच येते.

यंदा हा जुना प्रश्न माझ्याकडे अगदी नव्या वेषात आला. पुण्याला असणाऱ्या माझ्या भाचीचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. येरवड्याच्या बाजूला कोणाबरोबर तरी तो गोल्फ पाहायला गेला आणि त्या खेळाच्या प्रेमातच पडला. गेले तीन महिने तो शिकवणाऱ्यांच्या उसन्या काठीने चेंडू मारतो आहे. “मामा,” भाचीने मला फोनवर विचारले, “त्याला परदेशी काठ्यांचा पुरा संच घ्यावा असे आम्ही म्हणतो. किंमत ऐकून छाती दडपते, पण मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे. तुम्हांला काय वाटते?”

मी लोणावळ्याचा रहिवासी. गोल्फशी माझा संबंध एवढाच की, इथून डोंगरातल्या अ‍ॅम्बी व्हॅलीत अठरा खळग्यांचे मैदान झाले तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या मोटारींच्या मागच्या काचेतून डोकावणाऱ्या लांबलचक पिशव्या मी अधूनमधून पाहिल्या आहेत. तरी मी उत्तर देण्याचे पत्करले. कारण भाचीचा प्रश्न वरवर गोल्फचा असला, तरी तो साधन आणि साधना यांच्या नात्याचा आहे, आणि ते नाते सगळ्यांच्याच घरात राहते.

आधी खेळाची चौकशी केली. या खेळात प्रत्येकाला जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली घातली गेली, कारण लोक त्याहून कितीतरी अधिक काठ्या घेऊन मैदानात उतरू लागले होते. आणि त्याच अमेरिकेची खुली स्पर्धा १९१६ साली चिक इव्हान्स याने अवघ्या सात काठ्यांनी जिंकली होती! दुसरी गोष्ट मला याहूनही उद्बोधक वाटली. मुरलेल्या खेळाडूंसाठी घडवलेल्या काही काठ्यांचे पाते लहान आणि पातळ असते. चेंडू बरोबर मध्यावर बसला तर ती काठी सोन्यासारखी. जरा बाजूला बसला की चेंडू भलतीकडे जातो आणि हाताला झिणझिण्या येतात. नवशिक्याच्या काठीचे पाते मोठे असते, ते त्याच्या चुका पोटात घालते. म्हणजे उस्तादाची काठी शिकाऊ मुलाच्या हाती देणे हे त्याला मदत करणे नव्हे. ती त्याची परीक्षा घेणे आहे, तीही पहिल्याच दिवशी.

उलट, काटकसरीच्या नावाखाली बापाची काठी कापून मुलाला देतात, तेही बरे नाही. लांबी कमी झाली तरी पात्याचे वजन बापाचेच राहते, आणि आखूड झालेला दांडा अधिकच ताठ होतो. ती काठी पेलण्यासाठी पोर कंबर मोडून, खांदे ओढून फटका मारते, आणि ती खोड पुढे वर्षानुवर्षे जात नाही. तेव्हा साधन महाग की स्वस्त, हा पहिला प्रश्नच नव्हे. ते त्या मुलाच्या मापाचे आहे का, हा पहिला प्रश्न.

हे मावळातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे भात कापणीला येते. पवन मावळात, नाणे मावळात बांधावरून जाताना मी पाहिले आहे: घरातले पोर पहिल्यांदा कापणीला उतरते तेव्हा त्याच्या हाती कोणी नवाकोरा जड विळा देत नाही. आजीच्या हातातला, झिजून अर्धा झालेला विळा त्याला मिळतो. तो हलका असतो, मुठीत मावतो, आणि धार लावलेली असल्यामुळे कापतोही. विटीदांडूच्या खेळात तरी दुसरे काय होते? दांडू ज्याच्या त्याच्या हाताला मानवेल असा शोधायचा. त्याची किंमत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

पण इथे एका सोप्या समजुतीपासून सावध राहिले पाहिजे. साधनाला काही महत्त्वच नाही, अंगी गुण असला की पुरे, असे म्हणायला मोठे गोड वाटते. आमच्या शेजारी कार्ल्याचे चैत्यगृह आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी काळ्या कातळात सव्वाशे फूट लांबीचे ते दालन आत आत कोरत नेले. तिथे उभे राहून, छिन्नी कसलीही चालली असती, असे कोण म्हणेल? कातळावर बोथट होणारी छिन्नी कारागिराला काही शिकवत नाही, नुसती दमवते. साधन खोटे असू नये, एवढे कलेचे मागणे न्याय्यच आहे. मात्र खरे साधन आणि भारी किमतीचे साधन यांत जे अंतर आहे, ते दुकानदार आपल्याला कधी सांगत नाही.

आणखी एक खोटे बोलणे सुखवस्तू माणसांच्या तोंडी असते. ते म्हणतात, ‘पाहा, थोर माणसे गरिबीतच घडली!’ स्पेनचा सेव्ह बायेस्तेरोस लहानपणी समुद्रकाठच्या वाळूत एका लोखंडी काठीने गोल्फ शिकला आणि पुढे १९७९, १९८४ आणि १९८८ साली ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकून गेला, ही गोष्ट अशा वेळी हमखास निघते. ती खरी आहे, पण अर्धी. त्याचे थोरले भाऊ गोल्फपटू होते, मामा नामांकित व्यावसायिक खेळाडू होता आणि गावातच मैदान होते. काठी एकच होती. पण पाहणारे डोळे आणि पायाखालची जमीन त्याच्यापाशी होती. मुंबईत चेंबूरच्या गोल्फ मैदानाजवळच्या वस्तीतली पोरे पाहा. सळई वाकवून त्यांनी काठ्या केल्या, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला आणि गल्लीबोळांत स्वतःचा गोल्फ मांडला. त्यांच्यातले काही मैदानावर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत. उत्तमातल्या उत्तम काठ्या त्यांच्या खांद्यावर होत्या. नव्हते ते मैदान.

खाशाबा जाधवांचेही तेच. कुस्तीला काय लागते? एक लंगोट. पण गोळेश्वरच्या या मल्लाला १९४८ साली लंडनला तांबड्या मातीऐवजी गादीवर उतरावे लागले, तिथे ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी गावोगाव वर्गणी फिरली, आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून पैसे दिले, असे सांगतात. त्यांनी कांस्यपदक आणले. तो पैसा साधनासाठी नव्हता, संधीसाठी होता. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली आमच्या लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. तिथे शिकायला येणाऱ्यालाही एक सतरंजी पुरते. पण निवांत जागा आणि समोर जाणता गुरू नसेल तर रेशमी आसनही व्यर्थ.

म्हणून मी भाचीला सांगितले: त्याच्या उंचीच्या आणि ताकदीच्या, दुसऱ्या कोणाच्या मुलाने वापरून लहान झालेल्या चारपाच काठ्या घे. वर्षादोनवर्षांत त्याही लहान होतील, तेव्हा पुढच्या मुलाला दे. उरलेले पैसे मैदानावर आणि शिकवणाऱ्यावर खर्च कर.

मात्र महागड्या संचाला माझा जो खरा विरोध आहे, तो पैशाचा नव्हे. शिकाऊ माणसाची सर्वांत मोठी दौलत म्हणजे चुकण्याची मोकळीक. त्याने शंभर चेंडू वाकडे मारावेत, हसावे, पुन्हा मारावेत. आणि जमले नाही, आवडले नाही, तर एके दिवशी ‘मला दुसरे काही करायचे आहे’ असे बिनदिक्कत सांगावे. बापाच्या दोन महिन्यांच्या पगाराची वस्तू हाती आली की ही मोकळीक संपते. प्रत्येक वाकडा चेंडू मग वडिलांच्या चेहऱ्यावर आपटतो. ‘एवढे महागाचे आणून दिले, आणि तरी...’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही. पण मुलाला ते ऐकू येते. खेळ हा खेळ राहत नाही, ते कर्ज होते. आणि ज्या वयात मुलाने फक्त खेळाचे देणे लागावे, त्या वयात ते आपल्या हौसेचे हप्ते फेडू लागते.

आपण मुलांना उत्तम वस्तू देतो तेव्हा त्यात प्रेम असते, यात संशय नाही. पण त्या प्रेमात थोडी घाईही मिसळलेली असते. फळ लवकर दिसावे म्हणून आपण खत वाढवतो. भाताच्या रोपाला पाणी किती द्यावे हे मावळचा शेतकरी रोपाकडे पाहून ठरवतो, आपल्या तिजोरीकडे पाहून नव्हे. मुलाचा हात तयार झाला, त्याच्या कौशल्याला जुनी काठी खरोखरच अपुरी पडू लागली, आणि तसे त्याने स्वतः येऊन सांगितले, म्हणजे उत्तमातले उत्तम साधन घ्यावे, ऋण काढावे लागले तरी घ्यावे. तेव्हा ती वस्तू त्याला ओझे वाटणार नाही, कारण ती त्याने मागून नव्हे, कमावून घेतलेली असेल. तोवर झिजलेल्या विळ्यानेही पीक कापले जाते, आणि कापणाऱ्याचा हात तयार होत राहतो.