साक्षीदार कोण?

लष्करातील जुन्या वाड्यांत एखाद्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत राहिला, तर सकाळी चार घरांतून चौकशी होई. त्या चौकशीचा जाच आम्ही सोसला आहे; आणि फ्लॅटच्या बंद दारामागे राहू लागल्यावर तिची उणीवही आम्हांस भासली आहे. महानगरातील एकाकी माणसाभोवती रचलेले, ‘निओ-न्वार’ म्हणून ओळखले जाणारे काळोखे गुन्हेगारीपट पाहताना म्हणूनच एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही : पाहणारे कोणी नसेल, तर माणसाचा विवेक कोणाच्या साक्षीने जागा राहावा?

तीन चित्रपट शेजारी ठेवून पाहू. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधील (१९७६) ट्रॅव्हिस न्यूयॉर्कमध्ये रात्ररात्र टॅक्सी चालवितो. एका राजकीय उमेदवाराचा खून करण्याचा त्याचा बेत फसतो. त्याच दिवशी एका कोवळ्या मुलीला वेश्याव्यवसायातून सोडविताना तो माणसे मारतो, आणि वृत्तपत्रे त्याला वीर ठरवितात. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून गोविंद निहलानी यांनी ‘अर्धसत्य’ (१९८३) केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातील मुंबईचा फौजदार अनंत वेलणकर कोठडीतल्या आरोपीला मरेपर्यंत मारतो. बचावासाठी तो रामा शेट्टी या गुंडाच्या दारी जातो, अपमान असह्य होऊन त्याचा जीव घेतो, आणि आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो. श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मधला (२०१८) आकाश पुण्यात आंधळ्याचे सोंग घेऊन पियानो वाजवितो. समोर प्रेत पडलेले असताना त्याची बोटे थांबत नाहीत. ठाण्यात जाऊन सांगावे, तर खुनात सामील असलेला अधिकारीच तेथे बसलेला. अखेर युरोपात तो आपली कहाणी एका मैत्रिणीस सांगतो. पण ती कितपत खरी, ही शंका प्रेक्षकाच्या मनात उरते.

एकटेपण तिघांच्याही वाट्याला आले आहे. त्याचा हिशेब मात्र तिघे निरनिराळा देतात. ट्रॅव्हिसचा निवाडा जग करते, आणि चुकते. आकाश आपला निवाडा स्वतःच्या सोयीने रचतो, असे वाटत राहते. वेलणकर स्वतःविरुद्ध साक्ष देतो. पाहणारे कोणी नव्हते, ही सबब त्यालाही सांगता आली असती. म्हणून एकाकीपणाने गुन्ह्याचे समर्थन होते, असे आम्हांस वाटत नाही.

मग वाडा असता, तर हे सारे टळले असते काय? तसे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु वेलणकराचा बाप घरातच बायकोला मारीत असे, आणि लहानग्या अनंताला ते नुसते पाहावे लागे. आमच्या वाड्यांनीही भिंतीपलीकडचे रडणे रात्री ऐकले आहे, आणि सकाळी चौकशी केली ती केवळ दिव्याची. आंधळ्याचे सोंग घेण्यास महानगरच लागते, असे नाही. शेजारच्या फ्लॅटचे दार वाजविताना आज हात अडखळतो, त्याचा दोष शहरावर ढकलण्याआधी आम्ही एवढे तरी आठवावे.