उतारशाळेचा जमाखर्च

लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त सांगताना उपदेशक बहुधा वाटेवरच थांबतात. लुटला गेलेला मनुष्य, त्याला पाहून बाजूने निघून जाणारे याजक व लेवी, आणि यहूद्यांनी तुच्छ लेखलेला तो प्रवासी, एवढे चित्र रंगवले की श्रोत्यांचे डोळे पाणावतात व उपदेशाचे काम फत्ते होते. मला मात्र त्या कथेचा उत्तरार्ध अधिक अवघड वाटत आला आहे. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून, जखमीला आपल्या जनावरावर बसवून तो प्रवासी त्यास उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी तेथील मालकाच्या हाती दोन दीनार ठेवतो आणि याहून अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असा बिनहद्दीचा करार करून बसतो. शेजारधर्म खरा महाग पडतो तो येथे.

महाराष्ट्रात हा करार अक्षरशः पाळणारी व्यक्ती म्हणून पंडिता रमाबाईंचेच नाव मला प्रथम आठवते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, आणि भावासह त्या अन्नान्न करीत पायी हिंदुस्थानभर हिंडल्या. तेव्हा १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व विधवा आणल्या, त्यात परोपकारापेक्षा ओळख अधिक होती. प्लेगच्या बंदोबस्तामुळे या मुलींना पुण्यात ठेवणे दुरापास्त झाले, म्हणून केडगावच्या माळरानावरील शेतात झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतूनच मुक्ती सदन वाढले. तेथे प्रार्थना होई, परंतु प्रार्थनेबरोबर विहिरी खणाव्या लागत, दळण दळावे लागे, माग चालवावे लागत, छापखान्यात खिळे जुळवावे लागत. मुलींच्या पोटाची तजवीज रोजची होती, आणि शुभवर्तमानाला रोज सकाळी धान्याच्या कोठीतून जावे लागे.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रमाबाईंनी आधी पुण्यात चालविलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील अशी ग्वाही दिलेली असताना मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, यावरून १८९३ मध्ये गहजब झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. हा आक्षेप केवळ सनातन्यांचा कांगावा म्हणून उडवून लावता येत नाही, कारण उपाशी माणसाचा होकार हा पुरता मोकळा होकार नसतो, आणि सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागणारा मनुष्य, मुखाने काहीही म्हणो, देणेकऱ्याला वसुलीची नोटीसच बजावत असतो. केडगावी पुढे निदान एवढे झाले की संस्थेने आपला ख्रिस्ती धर्म लपविला नाही.

परंतु वसुलीचाच हेतु असता तर केडगावच्याच प्रीती सदनातील निराधार वृद्धांचा हिशेब जुळत नाही. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आत्मसात करून अंध मुलींना वाचावयास शिकविले. त्या मुली बोटांनी अक्षरे चाचपीत, टोपल्या विणीत. जिच्याकडून काहीच येणे नाही तिच्यावर वर्षानुवर्षे खर्च करणे, याला वसुली म्हणता येणार नाही. ज्यांना ख्रिस्ताचे नाव सेवेतून लोकांपर्यंत न्यावयाचे आहे त्यांनी १८९३ चा वाद आणि ही अंधशाळा या दोहोंचा विचार एकत्रच करावा. एकाचा विसर पडला की दुसऱ्याचा अर्थ कळत नाही.