अर्धं वाचलेलं

मी सातवीत होतो. आबांना अक्षरओळख नव्हती. मिरग लागायच्या आधी त्यांनी पेपर माझ्यापुढं टाकला. "काय लिवलंय पावसाचं, बघ." मी मोठ्यानं वाचलं, "यंदा पाऊस सरासरीइतका." खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं. ते वाचलं नाही. खेळायला जायची घाई होती.

मिरगाची एक चांगली सर आली. आबांनी पाभर जुंपली, बाजरी पेरली. "पोरगं शिकतंय, त्यानं वाचलंय," म्हणत शेजारच्या तात्यांनीही पेरली. बाजरी उगवली आणि मग तीन आठवडे नुसता वारा. कोंब करपले. दुबार पेरणीच्या बियाण्यापायी आईच्या कानातली फुलं गेली.

पुढं कळलं, अंदाज खोटा नव्हता. तो साऱ्या देशाचा, जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांचा होता. आज हवामान खातं सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला सामान्य म्हणतं. पण कुठल्या शिवारात कधी पडेल, मध्ये किती दिवस खंड पडेल, हे त्या आकड्यात नसतं. त्यात आम्ही माणदेशातले. समुद्रावरचं बाष्प सह्याद्री चढताना घाटमाथ्यावरच रितं होतं. पलीकडं उतरणारा वारा तापत, कोरडा होत येतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर, अन् आमच्याकडं जेमतेम ५००.

मग चूक कोणाची? खात्यानं लिहिलं ते खरं होतं. मी वाचलं तेही खरं होतं. आबा म्हणाले, "आरं, पाऊस काय तुझ्या वाचण्यानं पडतुय व्हय?" बरोबरच होतं. मी वाचलं नसतं तरी त्यांनी पेरलं असतं कदाचित. थांबलं तर हंगाम जातो. जोखीम शेतकऱ्याचीच. पण ती आहे त्याहून लहान दाखवायचा हक्क वाचणाऱ्याला कोणी दिला? आबांनी माफ केलं. आईनं तर विषयच काढला नाही. तरी माफी मिळाली म्हणून देणं फिटत नाही.

आता गावी गेलो की माझ्या हातातला मोबाईल बघून तात्या विचारतात, "पाऊस हाय का?" मी सगळं वाचतो, 'शक्यता' या शब्दासकट. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी खात्याचा सल्लाही सांगतो. तात्या वैतागतात. "हाय का न्हाई, येवढंच सांग की."

"तात्या, येवढंच सांगता येत न्हाई," मी म्हणतो.