काळा गुलाब

नाताळच्या भेटीगाठींत आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मला मुद्दाम गच्चीवर नेऊन काळा गुलाब दाखविला. नाशिकला मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हणत, तेव्हा येथे गुलाबाचे अप्रूप नाही. पण काळ्याचा मान वेगळा. कुंडीतल्या कलमावर हिरवी जाळी ताणलेली होती, कारण गडद पाकळी उष्णता अधिक शोषते आणि दुपारच्या उन्हात तिच्या कडा करपतात. थंडीच्या रात्रींनी मात्र तिचा रंग दाट होतो. मी फूल उन्हासमोर धरले, तर पाकळीतून लाल प्रकाश पाझरला. निखळ काळा गुलाब सृष्टीत नाहीच. तुर्कस्तानातील हाल्फेतीचा नामांकित काळा गुलाबही मुळात गडद किरमिजीच. रंगद्रव्याची दाटी इतकी, की डोळ्यांस काळोख भासावा. (बाजारात अगदी शाईसारखा दिसला, तर तो रंगविलेला समजावा.)

खाली चहा घेताना गृहिणीने मुलाच्या लग्नाचा विषय काढला. “फादर, मुलगी शिकलेली आहे, घराणं चांगलं आहे, पण जरा सावळी आहे हो.”

फुलाची आवड हा नीतीचा प्रश्न नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य. पण त्या फुलाचा काळेपणा आपल्याजवळ काही मागत नाही, उलट मालकाची शान वाढवितो. सावळी सून घरात येते, पंगतीला बसते, तिची मुले आपले नाव लावतात. आपण काळेपणावर प्रेम करतो की दुर्मिळतेवर? याच शहरात काळ्या पाषाणाच्या रामाची पूजा होते, आणि त्याच काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला. काळ्या मूर्तीची भक्ती आणि माणसाचा विटाळ एकाच आवारात नांदू शकतात. आपण ख्रिस्ती जनांनी तिकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्याच लग्नाच्या जाहिराती वाचाव्यात. ‘गोरी’ हा शब्द तेथे शिक्षणाच्याही आधी येतो.

हे सारे मला रात्री सुचले. त्या क्षणी मी “बघा, विचार करा,” एवढेच पुटपुटलो. त्या मुलीला तर मी तिच्या पहिल्या कम्युनियनपासून ओळखतो. निघताना बाईंनी जाळीखालची एक कळी खुडून माझ्या हाती दिली. मी ती घेतली, आणि आभारही मानले.