दोन नाड्यांचं मनन

जमेल तसं, सैल बसा. उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं हलकेच टेकवा. ठोका लागला की थांबा. मोजू नका.

हा ठोका हृदयातून निघाला, महाधमनीच्या कमानीवरून हातात उतरला. ती कमान आईच्या पोटात चौथ्या ते आठव्या आठवड्यात घडली. कैक आयांना तेव्हा दिवस गेल्याचं पुरतं कळलेलंही नसतं. वाहिन्या जोडीजोडीनं उगवतात, काही विरून जातात, उरलेल्या जुळतात. एवढं नाजूक काम आपल्या बाबतीत नीट पार पडलं. हे मनात मुरू द्या.

आता दुसरा हात जांघेवर ठेवा. इथंही ठोका आहे, जरा खोल. दोन्ही ठोके एकत्र ऐका.

काही बाळांची महाधमनी, डाव्या हाताची शाखा निघते तिथंच, जन्मतः आवळलेली असते. पाट मध्येच दबला की वरच्या वाफ्यात पाणी तुंबतं, शेवटचा वाफा कोरडा राहतो, तसंच होतं. हातात दाब चढतो, जांघेतला ठोका मंदावतो. गर्भात फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी छोटी वाहिनी जन्मानंतर बहुधा दोन-तीन दिवसांत मिटते. निरोगी बाळाला ते मिटणं हवंच असतं. ज्याची महाधमनी फार आवळलेली, त्याच्या पायांचा आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा मात्र तिथंच खुंटतो.

तोवर बाळ घरी आलेलं असतं. मानोरा किंवा रिसोडकडच्या एखाद्या घरात बारशाची तयारी चालली असेल. बाळ दूध ओढताना दमतं, कपाळावर घाम येतो, धाप लागते, पाय गार पडतात. त्याच्याजवळ क्षणभर मनानं बसा.

त्याच्या आईजवळही बसा. ग्रहणात विळी हाती घेतली होती का, असं तिला कोणी विचारलं असेल. तिचा काही दोष नाही. हे तिला मोठ्यानं सांगायला हवं, घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर.

महाधमनी थोडीच आवळलेली असली, तर ते कित्येक वर्षं लपून राहतं. मग ऐन तरुणपणी रक्तदाब चढतो, चालताना पाय दुखतात. कधी मेंदूत रक्तस्राव होतो. पण ही वाट बंद नाही. 1944 साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी असा आवळलेला भाग काढून महाधमनी जोडली. आज ती छोटी वाहिनी औषधानं उघडी ठेवून बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत नेता येतं. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलांना तपासायला अंगणवाडीत, शाळेत येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात.

आता एक निश्चय करा. नात्यात, शेजारी बाळ जन्मलं की दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं : जांघेतली नाडी पाहिलीत का? आणि घरी बाळ दूध पिताना दमू लागलं, तर बारसं पुढं ढकलून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.