परतीचा निर्णय कुणाचा?

१३ जुलै २०१४. रिओच्या माराकाना मैदानावर जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यात फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होता. सुरुवातीलाच एका धडकेत अर्जेंटिनाच्या एझेकिएल गाराईचा खांदा जर्मनीच्या क्रिस्तोफ क्रामरच्या तोंडावर आदळला. क्रामर उठला आणि खेळू लागला. थोड्या वेळाने पंच निकोला रिझोली यांच्याजवळ जाऊन त्याने विचारले, हा अंतिम सामनाच आहे ना? पंचांना आधी ती थट्टा वाटली. थट्टा नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी जर्मन खेळाडूंना सांगितले आणि ३१व्या मिनिटाला क्रामरला बाहेर घेण्यात आले. तोवर सुमारे १४ मिनिटे तो धावत होता, पास देत होता. त्या खेळातले आपल्याला काही आठवत नाही, असे त्याने पुढे सांगितले.

डोक्याला मार लागल्यावर ‘मी ठीक आहे’ या खेळाडूच्या शब्दाला किती वजन द्यावे, याचे उत्तर या १४ मिनिटांत आहे. स्नायू दुखावला तर पाय स्वतःच थांबवतो. कन्कशनमध्ये, म्हणजे धक्क्याने मेंदूचे कामकाज बिघडते त्या दुखापतीत, मात्र ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा, तोच हादरलेला असतो. म्हणून मैदानावर परतण्याचा निर्णय खेळाडूकडे असता कामा नये आणि तो जिंकण्याच्या ओढीने पाहणाऱ्या प्रशिक्षकाकडेही नको.

या दुखापतीबद्दलचे आपले दोन समज पक्के आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. शुद्ध हरपली नाही म्हणजे विशेष काही नाही, हा पहिला. प्रत्यक्षात बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपत नाही. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे खेळायला हरकत नाही, हा दुसरा. सीटी स्कॅन रक्तस्राव किंवा कवटीचे फ्रॅक्चर दाखवतो. कन्कशनमध्ये बिघाड असतो तो पेशींच्या कामकाजात. विस्कटलेला समतोल सावरायला त्यांना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटू शकतो. या अवस्थेत दुसरा फटका बसला, तर विशेषतः कोवळ्या वयात मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. असे क्वचितच घडते, पण घडले तर सावरायला वेळ मिळत नाही.

याचा अर्थ मुलाला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवावे, असा नाही. ॲम्स्टरडॅमच्या २०२२ च्या तज्ज्ञ परिषदेने सुचवलेली वाट टप्प्याटप्प्याची आहे. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग चालणे, हलका व्यायाम, एकट्याचा सराव, धडक नसलेला सांघिक सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. एका टप्प्याला निदान एक दिवस, आणि शाळेचा अभ्यास पूर्ववत झाल्याशिवाय मुलाने सामना खेळायचा नाही.

थांबल्याने खेळाडू संपत नाही. २०१९ च्या ॲशेस मालिकेत लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासण्यांत उत्तीर्ण होऊन तो त्याच डावात परत फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी लक्षणे दिसली आणि त्याला सामन्याबाहेर ठेवले गेले. त्याच महिन्यात लागू झालेल्या, कन्कशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडू देणाऱ्या नियमामुळे मार्नस लाबुशेन त्याच्या जागी खेळला. स्मिथ पुढच्या कसोटीलाही मुकला. त्यानंतर मँचेस्टरला त्याने २११ धावा काढल्या.

स्मिथपाशी डॉक्टर होते. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत कोण असते? चढाईत मुलाचे डोके कुणाच्या गुडघ्यावर आपटते, पाणी मारले जाते, ‘ऊठ, काही होत नाही’ असा आवाज येतो आणि तो उठतो. याला नुसती मर्दुमकी म्हणून चालणार नाही. दहावी-बारावीतले सवलतीचे गुण, सरकारी नोकरीतले खेळाडूंचे आरक्षण, पुढच्या संघातली निवड हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर असते. अशा मुलाने डोकेदुखी लपवली तर दोष त्याचा नाही. खरे बोलणे त्याला महागात पडेल अशी व्यवस्था आपणच केली आहे.

म्हणून परतीचा नियम स्पर्धेआधीच लिहिलेला हवा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने तो २००९ मध्ये कायद्यात आणला, कारण झॅकरी लिस्टेट हा १३ वर्षांचा मुलगा २००६ मध्ये डोके आपटल्यावर त्याच सामन्यात परतला आणि नंतर कोसळून कायमचा अपंग झाला. आपल्या क्रीडा संघटना, शाळा आणि क्रीडा विभाग यांनाही हे जमण्यासारखे आहे. संशय आला की खेळाडू त्या दिवसापुरता बाहेर. परत येताना डॉक्टरांची लेखी परवानगी. बदली खेळाडूला पूर्ण मुभा. आणि बाहेर बसल्याने कुणाचे प्रमाणपत्र वा निवड हुकणार नाही, याची हमी. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. ती नसेल तर बाकीचे नियम कागदावर राहतील आणि मुले डोके धरून खेळत राहतील.